रहाटपाळण्याचा हिशेब

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर प्रसिद्ध आहे. तापीच्या प्रवाहाबरोबर तिथून पश्चिमेकडे निघाले, की गोमाई आणि तापी यांच्या संगमावर प्रकाशा लागते. खानदेशात त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ साली तिथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. महाशिवरात्रीला केदारेश्वराच्या दर्शनासाठी लोटणारी गर्दी आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांमुळे हे गाव यात्रेकरूंच्या ओळखीचे आहे. अशा कोणत्याही यात्रेला आपण संध्याकाळी निघालो, तर देवळाच्या कळसाआधी दुरून दिसते ते दिव्यांनी लखलखणारे एक मोठे चाक. शहरात त्याला जायंट व्हील म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द रहाटपाळणा.

हा शब्द थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. संस्कृतातील अरघट्ट या शब्दावरून रहाट हा शब्द आला. विहिरीतील पाणी वर आणणारे गाडग्यांचे चाक म्हणजे रहाट. एका बाजूची भरलेली गाडगी वर येतात, तर दुसऱ्या बाजूची रिकामी खाली जातात. गाडग्यांच्या जागी पाळणे आणि पाण्याच्या जागी माणसे बसवली, की यात्रेतले चाक तयार होते. फरक एवढाच की रहाटाला दर फेरीस पाणी उचलण्याचे काम करावे लागते, तर पाळण्यात वर जाणाऱ्याला जवळजवळ तेवढ्याच वजनाचा खाली येणारा माणूस उचलत असतो.

या चाकाचा इतिहास विज्ञानाचा आहे, तसाच जमाखर्चाचाही आहे. चाक कसे फिरते हे आपण वर्गात शिकवतो. ते कोणाच्या पैशावर फिरते आणि कधी थांबते, हे सहसा शिकवत नाही. या लेखात दोन्हींचा एकत्र विचार करू.

नंदुरबारवरून गेलेला प्रवासी

अशा चाकाचे एक जुने लेखी वर्णन पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने करून ठेवले आहे. १६२० साली कॉन्स्टँटिनोपलहून मायदेशी परतताना त्याने आजच्या बल्गेरियातील प्लोव्दिव्ह या गावी, म्हणजे तेव्हाच्या फिलिपोपोलिसमध्ये, उत्सवातील झोपाळे आणि चाके पाहिली. त्याने त्यांचे चित्रही काढले. उभ्या फिरणाऱ्या चाकाला लहान आसने टांगलेली होती, मुले कधी वर तर कधी खाली जात होती, तरी ती कायम सरळच बसलेली राहत होती, ही गोष्ट त्याने मुद्दाम नोंदवली. टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य टांगणीच्या बिंदूखाली स्थिरावतो, हे तत्त्व त्याच्या नजरेने अचूक टिपले होते.

हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १६२८ साली सुरतेला आला. नोव्हेंबर १६३० मध्ये तो सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. तो रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरून जात होता. म्हणजे पाळण्याचे हे वर्णन लिहिणारा माणूस प्रकाशापासून पंचवीस-एक किलोमीटर अंतरावरून गेला. पण ते वर्ष गुजरात आणि दख्खनच्या भीषण दुष्काळाचे होते. वाटेवर त्याला दिसली ती प्रेते आणि ओस पडलेली वस्ती. यात्रा भरण्यासाठी आधी पीक घरात यावे लागते, आणि पाळण्याच्या मालकाचा धंदा अखेर पावसावर चालतो, हे खानदेशात कोणाला वेगळे सांगायला नको.

पोटातला गोळा किती मोठा?

पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो. तो मोजता येतो. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राच्या दिशेने त्वरण असते. त्याचे मूल्य कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. यात्रेतील एखाद्या पाळण्याची त्रिज्या ८ मीटर आणि एका फेरीला लागणारा वेळ १० सेकंद धरू. कोनीय वेग सेकंदाला ०.६३ रेडियन येतो, आणि त्वरण सुमारे ३.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळपास एक तृतीयांश. ४५ किलो वजनाचा विद्यार्थी वजनकाट्यावर बसून पाळण्यात गेला, तर सर्वांत वर असताना काटा ३० किलोच्या आसपास दाखवील आणि सर्वांत खाली ६० च्या आसपास. दर पाच सेकंदांनी वजन निम्मे-दुप्पट झाल्यासारखे वाटते, म्हणून लहान मुले किंचाळतात आणि मोठी माणसे दांडा घट्ट धरतात.

आता चाक मोठे केले तर गंमत वाढेल का? १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरीस या अभियंत्याने उभारलेल्या चाकाचा व्यास ७६ मीटर होता. त्याची एक सलग फेरी ९ मिनिटांची असे. हेच गणित केले, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके येते. पोटाला ते कळणारच नाही. म्हणजे फेरीसचे चाक आणि यात्रेतला पाळणा दिसायला सारखे असले, तरी ते दोन वेगळ्या वस्तू विकतात. पाळणा त्वरण विकतो, तर मोठे चाक उंची आणि देखावा विकते. विमान नसलेल्या त्या काळात ८० मीटरवरून शहर पाहणे हीच अपूर्वाई होती.

फेरीसचे चाक आणि त्याची वही

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातील आयफेल मनोऱ्याला तोड द्यायची, या जिद्दीने फेरीसने चाक उभारले. सायकलच्या चाकाप्रमाणे त्याची धाव ताणलेल्या सळ्यांनी आसाला जखडलेली होती. आस सुमारे १४ मीटर लांब आणि ४० टन वजनाचा होता. चाकाला ३६ डबे होते. प्रत्येकात ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २,१६०. फिरवण्यासाठी एक हजार अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन होते आणि तेवढेच दुसरे राखीव ठेवले होते. ही कल्पना सर्वस्वी फेरीसची होती असे मात्र नाही. विल्यम सॉमर्स याने अटलांटिक सिटीत त्याआधीच लाकडी चाके चालवली होती आणि पेटंटवरून त्याने फेरीसवर दावाही लावला होता.

प्रदर्शन १ मे रोजी उघडले, पण चाक फिरू लागले २१ जूनला. पहिले सात आठवडे बुडाले. तिकीट होते ५० सेंट. प्रदर्शन ३० ऑक्टोबरला संपेपर्यंत आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत सुमारे साडेचौदा लाख तिकिटे खपली आणि सव्वासात लाख डॉलरच्या वर रक्कम जमा झाली. चाकाला खर्च आला होता चार लाख डॉलरच्या आसपास. वरवर पाहता धंदा उत्तम.

आता थोडा भागाकार करू. २१ जून ते ३० ऑक्टोबर हे १३२ दिवस होतात. साडेचौदा लाखांना १३२ ने भागले, की दिवसाला सुमारे अकरा हजार प्रवासी येतात. चाकाची क्षमता २,१६०. म्हणजे त्या काळातील सर्वांत गाजलेले चाक, कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या प्रदर्शनात, सरासरीने दिवसाला पूर्ण भरलेल्या जेमतेम पाच फेऱ्यांइतकेच चालले! उरलेला वेळ ते अर्धे रिकामे फिरत होते किंवा थांबून होते. क्षमता आणि वापर यांतील ही दरी मनोरंजनाच्या प्रत्येक यंत्राला भेडसावते. चाक गर्दीच्या दिवसासाठी बांधावे लागते, पैसा मात्र बाराही महिने अडकून राहतो.

प्रदर्शन संपल्यावर गर्दी गेली, चाक उरले. नफ्याच्या वाटणीवरून फेरीस आणि प्रदर्शनाचे चालक यांच्यात वाद झाला आणि तो कोर्टात गेला. १८९६ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी फेरीस विषमज्वराने वारला, तेव्हा तो आर्थिक अडचणीत होता. चाक शिकागोतच दुसऱ्या जागी हलवले, तिथे तोटा झाला. १९०४ साली ते सेंट लुईसच्या प्रदर्शनात गेले आणि १९०६ साली सुरुंग लावून मोडीत काढण्यात आले. मोठ्या चाकाचा दोष स्थापत्यात नव्हता. ते गर्दीच्या मागे जाऊ शकत नव्हते, हा त्याचा दोष.

गर्दीच्या मागे जाणारे चाक

हा दोष दूर केला तो विल्यम सुलिव्हन या अमेरिकन पूलबांधणी करणाऱ्याने. शिकागोचे चाक त्याने पाहिले होते. १९०० साली त्याने लहान, सुटे करून नेता येईल असे चाक तयार केले आणि पुढे त्याचा कारखाना काढला. पण सुटे करून नेता येणारे चाक आपल्याला नवीन नाही. लाकडी खांबांवर चार पाळणे टांगायचे, दोघांनी हाताने ढकलून फिरवायचे आणि यात्रा संपली की बैलगाडीत घालून पुढच्या गावाला निघायचे, ही पद्धत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली.

हाताने हे जमते कसे? ५० किलोचा एक माणूस १६ मीटर वर उचलायला सुमारे ७,८०० ज्यूल ऊर्जा लागते. पण समोरच्या पाळण्यात तेवढ्याच वजनाचा माणूस असेल, तर तो खाली येताना तेवढीच ऊर्जा परत देतो. मग चालकाला फक्त घर्षणावर मात करायची असते. म्हणूनच पाळणेवाला माणसे भरताना एक पाळणा भरला की चाक फिरवून समोरचा भरतो, शेजारचा नाही. त्याने समतोलाचे पाठ शाळेत गिरवले नसतील, पण चुकीचे भरले तर डिझेल जास्त जाते हे त्याला पक्के ठाऊक असते.

त्याचे अर्थशास्त्रही याच समतोलावर उभे आहे. मार्गशीर्षात सारंगखेडा, महाशिवरात्रीला प्रकाशा, होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याचे भोंगऱ्या बाजार, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा उत्सव, असे खानदेशचे पंचांग पाहिले, तर यात्रा एकामागून एक येतात. एका गावाला वर्षातून पाच-दहा दिवसच पाळणा परवडतो, पण दहा गावे मिळून एक पाळणा वर्षभर पोसतात. समजा, १२ पाळण्यांचे चाक आहे, प्रत्येकात चौघे बसतात आणि तिकीट ५० रुपये आहे. भरलेल्या फेरीचे २,४०० रुपये झाले. तासाला पाच फेऱ्या आणि संध्याकाळचे चार तास गर्दीचे धरले, तर दिवसाला ४८,००० रुपये. यातून जागेचे भाडे, डिझेल, मजुरी, ट्रकभाडे आणि बसण्याउठण्याचे दिवस वजा करायचे. अवकाळी पावसाने दोन संध्याकाळी वाहून नेल्या, तर नफा तिथेच संपतो. पण कर्ज थोडे असल्याने मालक बुडत नाही, पुढच्या यात्रेला निघतो.

बागेत स्थिरावलेली चाके

याच्या उलट विचार असा, की गर्दीच्या मागे न जाता गर्दीलाच आपल्याकडे बोलवावे. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन याने पाच सेंट तिकिटाची घसरणगाडी सुरू केली आणि त्या किनाऱ्यावर पुढे करमणुकीच्या बागा उभ्या राहिल्या. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. त्याला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्च आला. पैसा कमी पडला तेव्हा एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ५ लाख डॉलर भांडवल घातले आणि ४५ लाख डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. बदल्यात तिला बागेत सुमारे एक तृतीयांश हिस्सा मिळाला आणि डिस्नेचे कार्यक्रमही मिळाले. हेच कार्यक्रम बागेची जाहिरात करीत. पण नाव मोठे असले म्हणजे हिशेब चुकत नाही असे नाही. पॅरिसजवळ १९९२ साली उघडलेली डिस्नेचीच बाग दोन वर्षांत कर्जाने इतकी वाकली, की १९९४ साली तिच्या कर्जाची फेरमांडणी करावी लागली.

भारतात दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने एस्सेलवर्ल्ड उभारले. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या. पुढे कोविडच्या साथीनंतर एस्सेलवर्ल्डही बंद झाले.

स्थिर बागेतही विज्ञान तेच असते. चाळीस मीटर उंचीवरून सुटलेली रुळावरची गाडी पायथ्याशी येताना तिची स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते. घर्षण सोडून दिले तर वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. गाडीला इंजिन नसते. पहिल्या चढावर साखळीने ओढून दिलेली ऊर्जा तिला शेवटपर्यंत पुरवावी लागते, म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा कमी उंच ठेवतात. कर्जावर उभारलेल्या बागेचे असेच आहे. उद्घाटनाच्या वर्षी मिळालेला जोर घर्षणात झिजत जातो, आणि नव्या खेळांवर पैसा ओतून ती साखळी पुन्हा ओढावी लागते.

दोन बागा, दोन वह्या

रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीने एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका ही बाग सुरू केली. यंत्रे परदेशी, दर्जा उत्तम, खर्च दीड हजार कोटींच्या घरात आणि त्यात कर्जाचा वाटा मोठा. मार्च २०१५ मध्ये कंपनीने भागविक्री केली. सुरुवातीला शेअरची किंमत २२१ ते २३० रुपये ठेवली होती. प्रतिसाद मिळेना म्हणून शेवटी १८० रुपयांना शेअर दिले गेले. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत, व्याज मात्र वेळच्या वेळी येत राहिले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा अशा बागांवर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. तोवर शेअर कोसळू लागला होता आणि पुढे तो दहा रुपयांच्याही खाली गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. अखेर २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. बँकांना येणे रकमेच्या मोठ्या भागावर पाणी सोडावे लागले. बाग मात्र चालू राहिली.

व्याजाचे ओझे कसे असते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. १,००० कोटी कर्ज आणि व्याज १२ टक्के धरले, तर वर्षाला १२० कोटी रुपये व्याज होते. माणशी १,००० रुपये उत्पन्न धरले, तर केवळ व्याज फेडायला वर्षाला १२ लाख माणसे लागतात, म्हणजे पावसाळ्यासकट रोज सुमारे ३,३००. वीज, पगार, देखभाल यांचा विचार त्यानंतर करायचा.

दुसरी वही केरळची. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या व्ही-गार्डचे संस्थापक कोचुसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी २००० साली कोचीला वीगालँड ही बाग काढली. तीच पुढे वंडरला झाली. बंगळूरची बाग २००५ साली आणि हैदराबादची २०१६ साली सुरू झाली. एक बाग कमावू लागल्यावर दुसरी काढायची, काही खेळ आपल्याच कार्यशाळेत बनवायचे आणि कर्ज कमी ठेवायचे, ही त्यांची रीत. २०१४ साली १२५ रुपयांना दिलेला त्यांचा शेअर टिकला आणि वाढला. टाळेबंदीत त्यांचेही दरवाजे बंद होते. पण दरवाजे बंद असताना व्याज वाढत नव्हते, हा फरक निर्णायक ठरला. वंडरलाची ही रीत यात्रेतल्या पाळणेवाल्याच्या रीतीपेक्षा फार वेगळी नाही.

थकणारे लोखंड

जमाखर्चाच्या वहीतील एक ओळ मात्र कोणत्याही मालकाला परवानगीने खोडता येणार नाही. ती ओळ देखभालीची. चाक फिरताना त्याच्या प्रत्येक आऱ्यावरील ताण दर फेरीत एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो. मिनिटाला ६ फेऱ्या धरल्या तर तासाला ३६० आणि आठ तासांत २,८८०. वर्षातून शंभर दिवस चाक फिरले, तर सुमारे २ लाख ८८ हजार फेऱ्या झाल्या. साडेतीन वर्षांत त्या दहा लाखांवर जातात. एका झटक्यात जे लोखंड कितीतरी मोठा भार सहन करते, तेच लोखंड लहान भाराच्या लाखो हेलकाव्यांनी थकते. जोडाजवळ किंवा खिळीच्या भोकाशी केसासारखी चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एका संध्याकाळी, नेहमीइतकीच माणसे बसलेली असताना, भाग तुटतो. तार वारंवार पुढे-मागे वाकवली की तुटते, हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. यात्रेतले चाक तर दर आठवड्याला सुटे होऊन पुन्हा जोडले जाते, त्यामुळे त्याच्या खिळी आणि भोके आणखी झिजतात.

जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा हेलकावणारा एक मोठा झोका तुटून माणसे दगावली. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते. पण चीर तपासण्याचा खर्च आधी करायचा असतो, आणि उत्पन्न घटले की कात्री प्रथम इथेच लागते, कारण देखभाल टाळल्याचा परिणाम त्या महिन्यात दिसत नाही. व्याज थकले तर बँकेचे पत्र येते. चीर मात्र पत्र पाठवत नाही. म्हणून रंग नवा आहे की नाही यापेक्षा खिळींना सुरक्षापिना आहेत का, पाळण्याचा अडसर नीट बसतो का, चालक फिरवण्याआधी रिकामी फेरी घेतो का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

शिक्षकांना यातून एक सोपा प्रकल्प देता येईल. जवळच्या यात्रेत विद्यार्थ्यांनी पाळण्याच्या दहा फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. सावलीच्या साहाय्याने चाकाची उंची काढावी आणि त्यावरून त्वरण काढावे. अर्ध्या तासात किती पाळणे भरलेले आणि किती रिकामे गेले याची नोंद करावी. शेवटी, पाळणेवाला मोकळा असेल तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारावेत: पुढची यात्रा कोणती, आणि आसाला वंगण कधी दिले? एका प्रश्नात त्याचे सारे अर्थशास्त्र आहे आणि दुसऱ्यात आपल्या मुलांची सुरक्षितता.